ताडगोळ्याएवढ्या गाठी

वसईच्या गुरांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली, तेव्हा कॉलेजातून बाहेर पडून मला जेमतेम वर्ष झालं होतं. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं लोटली होती. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि जनावरं बांधायला आवारात दोन खुंट. येणारी जनावरं बहुतेक बैल आणि म्हशी. मी मूळचा साताऱ्याकडचा. इथल्या लोकांची घरातली बोली मला पहिले सहा महिने कळतच नसे. माझ्याशी बोलताना ते ती बरीच सारखी करून घेत, तरी पाण्याचं ‘पानी’ व्हायचंच.

घोडे होते ते स्टेशनबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावरचे, दहा-बारा. स्टेशनापासून गावात जायचं तर टांगा, नाहीतर पायपीट. पण घोडेवाले माझ्याकडे क्वचित यायचे. घोड्याचं आपल्याला जेवढं कळतं तेवढं या बैलांच्या डॉक्टरला काय कळणार, असं त्यांना वाटे. आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

वैशाखातल्या एका सकाळी त्यांच्यातला एक जण पडवीत येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, उंच, हातात चाबूक नव्हता. त्याच्यामागे पोलीस पाटील.

“घोडी मेली,” तो म्हणाला. “पोट फाडून बघा. विष निघतं का ते मला पायजे.”

“विषाचा संशय का?”

पोलीस पाटलानं मला बाजूला घेऊन सांगितलं. या टांगेवाल्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तोही टांगेवालाच. तीन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ही घोडी भिवंडीकडून आणली आणि एकच टांगा दोघे आळीपाळीनं हाकायचे. वर्षापूर्वी मेहुण्यानं स्वतःचा घोडा घेतला आणि त्याच अड्ड्यावर समोर उभा राहू लागला. तेव्हापासून बोलणं बंद. भाऊबीजसुद्धा कोरडी गेली. काल दुपारी अड्ड्यावर मेहुण्यानं या घोडीला मूठभर हिरवं गवत चारलेलं चौघांनी पाहिलं होतं, आणि पहाटे घोडी मेली.

खाडीलगतच्या खाऱ्या पडीक जमिनीच्या, म्हणजे खाजणाच्या कडेला, जिथं गावातली मेलेली जनावरं टाकत, तिथं घोडी नेऊन ठेवली होती. गिधाडं आधीच ताडांवर येऊन बसली होती. पांढरी, अंगावर करडे ठिपके असलेली घोडी. दात पाहिले, बारा-तेरा वर्षांची असावी. बघायला तीस-चाळीस माणसं जमली. मेहुणाही आला होता, सगळ्यांच्या मागे, एकटा.

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि काम सुरू केलं. पोटात विषाची काही खूण दिसेना. जठर दाण्यानं भरलेलं होतं, ताठ. आतड्याचा एक मोठा भाग काळानिळा पडला होता. तो मला दिसला. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दिसला, आणि मी पुढे गेलो. कारण तेवढ्यात माझा हात यकृतावर गेला होता.

यकृतात गाठी होत्या. एक, दोन, मग मोजतच गेलो. काही लिंबाएवढ्या, तीन-चार तर ताडगोळ्याएवढ्या, आणि अगदी सोललेल्या ताडगोळ्यासारख्याच: पांढुरक्या, लिबलिबीत, आत पाणी. फुप्फुसातही दोन. कॉलेजात अशी गाठ मी काचेच्या बरणीत पाहिली होती. तिला किती वर्षं झाली असतील कोण जाणे, द्रावणात पडून पिवळी झालेली. आणि इथं ती माझ्या हातात होती. मी एकीला सुई टोचली, तर झऱ्यासारखं नितळ पाणी बाहेर आलं आणि तळाला वाळूसारखे बारीक कण राहिले. ते कण म्हणजे जंतांची मुंडकी. मला इतका आनंद झाला की तिथं एका माणसाची घोडी मेली आहे हे क्षणभर मी विसरलो.

“विष नाही,” मी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “हे बघा. या गाठींनी घोडी मेली.”

लोक पुढे सरकले. मी गाठ उंच धरली आणि समजावून सांगू लागलो. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक चपटा जंत असतो, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत घोड्यानं, गाढवानं, बैलानं खाल्लं की अंडं पोटात जातं आणि त्याची अशी पाण्याची गाठ होते. मग जनावर मेलं आणि त्याचं हे गाठींचं काळीज कुत्र्यानं खाल्लं, की कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत. “माणसालाही होते,” मी शेवटी म्हणालो. तेव्हा पुढे आलेले चार पावलं मागे गेले.

टांगेवाला घोडीच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. त्यानं मान वर केली.

“कुत्र्यापासून?”

“हो.”

“कुठल्या कुत्र्यापासून?”

“असं नेमकं सांगता येत नाही. जनावराच्या आसपास वावरणाऱ्या कुठल्याही.”

मी बोललो, आणि पाहिलं तर सगळ्या माना एकदम मागे वळल्या होत्या. मेहुणा जिथं उभा होता तिथं. त्याच्याकडे एक तांबडी कुत्री होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती दिवसभर अड्ड्यावर असायची, आणि सगळ्या घोड्यांसाठी आणलेल्या गवताच्या भाऱ्यावर झोपायची.

मेहुणा निघून गेला. कुत्र्यांपुढे टाकू नका, पुरा, असं मी बजावलं होतं. टांगेवाल्यानं घोडीला तिथंच खड्डा खणून पुरलं; त्यापुरतं माझं ऐकलं गेलं. दवाखान्यात येऊन मी नोंदवहीत ‘मरणाचं कारण’ या रकान्यात गाठींचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, पोलीस पाटलाला त्याची नक्कल दिली आणि एक गाठ बरणीत घालून टेबलावर ठेवली.

चौथ्या दिवशी एक बाई कुत्रीला दोरीनं बांधून घेऊन आल्या. तिशीच्या, डोक्यावर वांग्यांची रिकामी पाटी, म्हणजे बाजार उरकून आलेल्या.

“कुत्र्याचं सांगनारे डाक्टर तुमीच ना?”

“हो. का?”

“माझा दादा बोलतो, हिला मारनार. अड्ड्यावरची पोरं दगड घेऊन बसतात. माझ्या मालकांनी तीन दिवस टांगा जुंपला नाय. आता तुमीच सांगा, हिनं घोडी मारली का?”

कुत्री पडवीच्या सावलीत बसून जीभ काढून धापत होती. डाव्या कानामागे ताजी जखम होती.

मी गोंधळलो. म्हणालो, “मी असं म्हणालो नव्हतो.”

“तुमी काय बोललात ते मला नाय ठाव. लोकांनी काय ऐकलं ते सांगतेय.”

मी म्हणालो, हिच्या पोटात तो जंत आहे का ते आधी बघू. कुत्र्याचे जंत पाडायचं त्या काळचं औषध सुपारीच्या अर्कापासून केलेलं असे, पण दवाखान्यातली बाटली केव्हाच संपली होती. तसं मी सांगितलं तर बाई हसल्या. पहिल्यांदाच.

“सुपारीच पायजे ना? वाडीत पडल्यात किती!”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुपारी कुटून, वस्त्रगाळ करून घेऊन आल्या. कुत्रीला आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवायला मी सांगितलं होतं. तुपात पूड कालवून गोळी केली आणि तिच्या घशात सारली. तासाभरात जे पडायचं ते पडलं. मी ते सगळं परातीत घेऊन, पाण्यात धुऊन धुऊन, भिंग लावून दुपारपर्यंत पाहत बसलो. जंत होते, पण ते काकडीच्या बियांसारखे तुकडे. पिसवांपासून होणारा साधा जंत, दहांतल्या आठ कुत्र्यांना असतो. मी शोधत होतो तो एकही नाही. ते सगळं रॉकेल ओतून जाळलं आणि हात साबणानं तीनदा धुतले. बाईंनाही धुवायला लावले.

“कुत्रीला हात लावला की पोरांचे हात धुवत जा. एवढं कायम करा,” मी म्हणालो.

“करीन. पन हिनं घोडी मारली नाय ना?”

“कुत्री किती वर्षांची?”

“गेल्याच्या गेल्या शिमग्याला पिल्लू म्हनून आनली. सव्वा वर्ष.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि इतक्या उशिरा पडला याची लाजही वाटली. तशी गाठ ताडगोळ्याएवढी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. कॉलेजात मी हे परीक्षेत लिहिलं होतं. घोडी या गावात आली तीन वर्षांपूर्वी. गाठींचं बी तिच्या पोटात पडलं तेव्हा ती भिवंडीकडे असेल, नाहीतर त्याच्याही आधी आणखी कुठं. ही कुत्री तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. “मग चला,” त्या म्हणाल्या. “हे दादाला सांगा. मी सांगून तो ऐकनार नाय. त्याच्या दारात मी वर्षभर पाय ठेवला नाय.”

संध्याकाळी मी एकटाच गेलो. टांगेवाला ओसरीवर बसून घोडीच्या पट्ट्यांना तेल लावत होता. तबेला झाडून स्वच्छ केला होता.

“सामान तेलात ठेवलं नाय तर चामडं तडकतं,” मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. गाठ वाढायला किती काळ लागतो, घोडी कधी आली, कुत्री केव्हाची. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग पट्टा खाली ठेवला.

“म्हंजे गाठी जुन्या.”

“हो.”

“ती इथं आली तवा होत्या?”

“असणारच.”

“गाठी घेऊन तिनं तीन वर्षं टांगा वढला. पावसात वढला, चिखलात वढला. एक दिवस पाय धरून बसली नाय. मग डाक्टर, त्याच दिवशी कशी मेली?”

मी म्हणालो, अशा गाठी हळूहळू जनावराला पोखरतात, एक दिवस ताकद संपते. म्हणताना माझं मलाच ते पुस्तकातलं वाटलं. त्यानं पुन्हा पट्टा हातात घेतला. “कुत्रीला कोन काय करनार नाय,” एवढंच म्हणाला. मी उठलो.

त्याचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. खानावळीत जेवायला बसलो की तो आठवे. स्टेशनाबाहेर बायका ताडगोळे घेऊन बसत. त्या वर्षी मला ते तोंडात घालवेना.

आठवडाभरानं कुंभारवाड्यातून निरोप आला. विटांच्या लॉरीनं वळणावर एका गाढवाला उडवलं होतं आणि लॉरीवाल्यानं भरपाई कबूल करावी म्हणून कुंभाराला माझा कागद हवा होता. मी गेलो तेव्हा गाढव मेलं होतं. कागदासाठी उघडायची काही गरज नव्हती, फासळ्या मोडलेल्या बाहेरूनच दिसत होत्या. तरी मी उघडलं.

यकृतात गाठी होत्या. घोडीपेक्षा जास्त. एक तर नारळाच्या वाटीएवढी.

“हे आजारी होतं का?” मी कुंभाराला विचारलं.

“आजारी? सकाळपासून मातीच्या आठ फेऱ्या झाल्या. माझ्या बाकीच्या दोन गाढवांना हे एकटं ऐकायचं नाय.”

“खात होतं? धापा टाकायचं?”

“काय विचारता डाक्टर, लॉरी आली नसती तर अजून पाच वर्षं बघायला नको होतं.”

मी त्या यकृताकडे पाहत बसून राहिलो. एवढ्या गाठी पोटात घेऊन हे जनावर आज सकाळी माती वाहत होतं. म्हणजे गाठी असतात, आणि जनावर जगतही असतं. मग घोडी कशानं मेली? आणि तेव्हा ते आतडं डोळ्यांसमोर आलं. काळंनिळं, फुगलेलं, आणि आता आठवलं, मुळाशी दोरीसारखा पीळ पडलेलं. जठर दाण्यानं ताठ भरलेलं. घोडी पोटशूळानं मेली होती. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकला असता. मला बरणीतली गाठ हातात मिळाली होती, म्हणून मला ते सांगायचं नव्हतं.

गाढवाला पुरा, असं मी कुंभाराला म्हणालो. त्याला ते पटेना. “गाढवाला खड्डा? लोक माझ्या बापाचा उद्धार करतील!” मग मीच फावडं मागितलं. दहा-बारा फावडी माती मी काढली असेल-नसेल, त्यानं ते माझ्या हातातून घेतलं. डॉक्टरनं खड्डा खणलेला त्याला बघवेना. काळीज तेवढं आधी जाळून टाकलं.

टांगेवाल्याकडे लगेच जायला माझे पाय उचलेनात. दोन दिवस गेले. एकदा वाटलं, कशाला सांगायचं? कुत्री वाचली, प्रकरण थंडावलं. पण नोंदवहीतला तो रकाना रोज सकाळी पान उलटताना समोर यायचा. शेवटी त्याखाली दुसरी ओळ लिहिली: आतड्याला पीळ, हेच मरणाचं खरं कारण, आधीची नोंद चुकीची. सही केली आणि गेलो.

तो ओसरीवरच होता. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि दाराशी थांबली.

“मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” मी म्हणालो. “घोडी गाठींनी मेली नाही. तिच्या आतड्याला पीळ पडला होता. मला दिसलं होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.”

मला वाटलं होतं तो चिडेल. तो नुसता मान हलवत राहिला.

“पोट भरलेलं होतं ना?” त्यानं विचारलं.

“हो.”

“हरभऱ्यानं.”

मी मान डोलावली.

“त्या दिवशी दोन लग्नं होती,” तो सांगू लागला. “पाच फेऱ्या झाल्या. उन्हातून आली. मला वाटलं, एवढी राबली, आज पोटभर खाऊदे. रोजच्या दुप्पट दाना-चंदी घातली, भिजवलेली. वर इहिरीचं थंड पानी. अंग निवायच्या आत. माझा बाप असता तर चाबूक माझ्या पाठीवर वढला असता.” तो थांबला. “घंटाभरानं तिनं मान वळवून आपल्या पोटाकडं बघितलं. एकदा, दोनदा. डाक्टर, घोडं असं बघतं तवाच टांगेवाल्याला कळतं.”

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून...”

“ठाव होतं.” त्याची बायको दारातून आत गेली. “पन दुसऱ्या कोनी मारली असेल, असं वाटलं. वाटावं असं वाटलं. मग तुमी कुत्र्याचं बोललात.”

मग मी त्याला खरं तेच सांगितलं, की पोटशूळ पोटभर घालूनही होतो आणि कधी काही न करताही होतो. त्या चंदीनंच झाला असं शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. त्याला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला. याआधी आला नव्हता.

तो बहिणीकडे गेला की बहीण त्याच्याकडे आली, आणि काय बोलणं झालं, ते मला कधी कळलं नाही. पुढच्या आठवड्यात मी मुंबईहून परतलो आणि अड्ड्यावर टांगा शोधत होतो. टांगेवाला अड्ड्याच्या कट्ट्यावर बसला होता, बिनघोड्याचा, नुसता सवयीनं आल्यासारखा. मेहुण्याचा टांगा समोर होता. मेहुणा खाली उतरला आणि लगाम त्याच्यापुढे धरला.

“दादा, सांजच्या फेऱ्या तुमी मारा. मला वाडीत पानी शिंपायचंय.”

वाडीला पाणी तिथं सकाळी शिंपत, संध्याकाळी नाही. हे अड्ड्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि एव्हाना मलाही. कुणी हसलं नाही. टांगेवाला उठला, घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, पट्टा एक भोक सैल केला आणि वर चढून बसला. त्या दिवशी त्याच्या टांग्यातली पहिली सवारी मी होतो. वाटेत तो एक शब्द बोलला नाही; घोड्याशी मात्र सारखा बोलत होता.

त्यानंतर एक घोडा आणि दोन माणसं असंच चाललं. भाऊबिजेला तो बहिणीकडे जेवला हे मला बाईंनीच सांगितलं, वांगी द्यायला आल्या तेव्हा. कुत्री त्यांच्याबरोबर होती. गवताच्या भाऱ्यावर झोपायला तिला बंदी झाली होती आणि भारा आता कट्ट्यावर उंच ठेवत.

मेलेली जनावरं पुरा, निदान काळीज-फुप्फुस कुत्र्यांच्या तोंडी पडू देऊ नका, असं मी त्या तालुक्यात सहा वर्षं सांगत हिंडलो. काहींनी ऐकलं. बरेच जण खाजणावरच टाकत राहिले, कारण वैशाखात तिथली जमीन दगडासारखी होते आणि खणायला माणसं लागतात. त्यांना मी दोष देत नाही. सांगताना मात्र मी आधी विचारायला शिकलो होतो, की ऐकणाऱ्याच्या मनात आज काय आहे.

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी टांगेवाल्यानं नवी घोडी घेतली. तांबूस रंगाची, चार वर्षांची, जरा बुजरी. घरी न्यायच्या आधी तो तिला दवाखान्यात घेऊन आला, मेहुणाही बरोबर होता.

“बघा डाक्टर,” टांगेवाला म्हणाला. “पोटात काय हाय का.”

“बाहेरून गाठी कळत नाहीत,” मी म्हणालो. “कुणालाच कळत नाहीत.”

“तरी कान लावा.”

मी घोडीच्या कुशीला कान लावला. आत आतडी चालू होती, दूर कुठं ढग गडगडावेत तशी, थांबून थांबून. घोडीनं शेपूट उडवलं, ते माझ्या मानेवर बसलं.

“काय?” मेहुण्यानं विचारलं.

“चांगलं वाजतंय,” मी म्हणालो, आणि त्या दोघांनाही एकेक करून कान लावायला लावला.